एकमेकींची पाठ

"वळा बघू," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि चष्मा नाकावर नीट बसवला.

टायपिस्टबाई पाठ उघडी करून वळली. खांद्याच्या खाली तो डाग होताच. मागच्या खेपेला तिळाएवढा होता, आता चांगला बोराएवढा झाला होता. वर खपली धरली होती.

"तिथंच खाजतं हो," ती म्हणाली.

"घामोळं आहे. बाकी पाठ स्वच्छ."

दोघींनाही रक्ताचा कॅन्सर. औषधांनी तो आटोक्यात आला, पण अंगातली प्रतिकारशक्ती पार ढेपाळली. अशा माणसाला त्वचेचा कॅन्सर सहज गाठतो आणि भराभर पसरतो. वेळेत दिसला तर मात्र कापून टाकता येतो. घरी पाठ बघायला कुणी नाही अशा बायकांच्या नर्सनं जोड्या लावून दिल्या होत्या. दर महिन्याला एकमेकींची पाठ बघायची, काही दिसलं तर सांगायचं.

नर्सला बिचारीला काय ठाऊक, की हिनंच मास्तरीणबाईंचा नवरा पळवला होता. शेवटच्या आजारात तो घरी परतला, तेव्हा ही दारात उभी राहून कडी वाजवत राहिली. मास्तरीणबाईंनी दार उघडलं नाही. पडद्याआडून तिला बघून मात्र घेतलं. तिनं आपल्याला कधी पाहिलेलं नाही, याची त्यांना खात्री होती. आता ती आयती हातात सापडली होती आणि त्या तिला सोडणार नव्हत्या.

"आता तुम्ही," टायपिस्टबाई म्हणाली. गार बोटांनी तिनं पाठ चाचपली. "छान आहे सगळं."

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी दोघींना एकदमच आत घेतलं. टायपिस्टबाईची पाठ बघताच त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हा कॅन्सरच दिसतोय. बराच वाढलाय. तुम्हाला दिसला नाही?"

"डोळे अधू झालेत हो," मास्तरीणबाई म्हणाल्या. उत्तर घोकून ठेवलेलं होतं. आतून त्यांना इतकं बरं वाटलं, की हसू दाबायला खोकावं लागलं.

मग त्या निर्धास्तपणे वळल्या. डॉक्टरीणबाईंनी भिंगातून पाठ न्याहाळली. मग भिंग खाली ठेवलं.

"ही गाठ तर त्याहून जुनी आहे. खोलवर गेलीय." त्या टायपिस्टबाईकडे वळल्या. "तुमचे तरी डोळे धड आहेत ना? दिसली नाही?"

टायपिस्टबाई शांतपणे बटणं लावत होती.

"दिसली होती," ती म्हणाली. "पण यांनी दार उघडलं नव्हतं. यांच्या नवऱ्याचं तोंड मला शेवटचंही बघू दिलं नव्हतं."