मुलगी रडत नाही

"मॅडम, हिला रडू येत नाही," आईने तक्रार केली. फ्रिज गार होत नाही, या सुरात.

समुपदेशक बाईंनी समोर पाहिलं. पंधरा वर्षांची मुलगी शाळेच्या गणवेशात आईशेजारी निवांत बसली होती.

"पूर्वी कसं छान होतं," आई सांगू लागली. "मी एक शब्द बोलायचीच खोटी, की डोळ्यांतून घळाघळा पाणी. मग जेवायची नाही. मग स्वतःच येऊन माफी मागायची. आता मी घसा कोरडा पडेपर्यंत बोलते, आणि ही विचारते, 'झालं का? ताटं घेऊ?' अहो, आईच्या शब्दाला काही किंमत?"

"बोलता काय तुम्ही?"

"काय बोलणार! चार मायेचे शब्द. थांबा, दाखवतेच." आई पदर नव्हे, घसा सावरून मुलीकडे वळली. "आरशात बघितलंस का स्वतःला? तुझ्या वयाच्या मुली बघ आणि तू बघ. तू झालीस आणि माझं आयुष्य संपलं. दगड झाला असता तर निदान पायरीला तरी लावला असता!"

कुठे अडखळणं नाही, की शोधाशोध नाही. पाठांतर चोख होतं.

बाईंचं पेन थांबलं. पाणी घेऊन आलेल्या मावशी दारातच उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले.

मुलगी तशीच बसून होती.

"बघितलंत?" आई विजयाने म्हणाली. "परक्या बाईला पाझर फुटला, पण ही ढिम्म! यावर काही गोळी असेल तर द्या."

बाईंनी मुलीला विचारलं, "खरंच काही वाटत नाही तुला?"

"वाटतं ना."

"मग रडू कधी थांबलं?"

"आई धाकट्या बहिणीलाही बोलायला लागली तेव्हा."

आईने तोंड उघडलं. बाईंनी हात वर केला. तोंड मिटलं, बहुधा जन्मात पहिल्यांदाच.

"आई तिला जे जे बोलते, ते मी नंतर आमच्या खोलीत उलटं करून सांगते," मुलगी म्हणाली. "ढ म्हणाली, तर 'तुला किती कळतं!' असं सांगते. ओझं म्हणाली, तर 'तू मला हवी आहेस' म्हणते. तिला एकदा सांगून पटत नाही. पुन्हा पुन्हा सांगावं लागतं."

ती जराशी हसली.

"सांगता सांगता मलाही ऐकू येतं."