कार्डाच्या चकत्या

"तीस वर्षं बायकोने भरलेली आयती काडतुसं उडवलीत, भाऊजी. आता भरायला शिका," मेव्हणा म्हणाला. लाइलची बायको व्हर्ना वारली त्याला तीन महिने झाले होते. "आधी ताईचं एक उघडून बघा. मोंटानात तिच्यासारखी काळी दारू कोणी ठासत नव्हतं." लाइलने तिच्या शेवटच्या डब्यात उरलेलं एकमेव काडतूस घेतलं. डब्यावर तिच्या अक्षरात गेल्या वर्षीच्या एप्रिलची तारीख होती. त्याने शिशाची गोळी उपसली. खाली, दारूवर दाबलेली पुठ्ठ्याची चकती निघाली. दवाखान्याच्या जाड कार्डातून कापलेली. तिच्यावर छापलं होतं: कर्करोग विभाग. "एप्रिलमध्ये? मला तर तिने नाताळात सांगितलं." मेव्हण्याने मान खाली घातली. "जूनची नेमबाजीची स्पर्धा होऊ दे म्हणाली. मग तुम्ही जिंकलात, नाचत घरी आलात. तिला सांगवेना." लाइलने चकती तळहातावर घेतली. कार्डाच्या बाकीच्या चकत्या त्याने स्वतःच त्या स्पर्धेत, एकेका गोळीमागे, उडवल्या होत्या.