लाभ, दोन, तीन

"लाभ, दोन, तीन, चार..."

जनावरांच्या दवाखान्यातला जुना मदतनीस रवळू दुसऱ्यांदा मोजत होता. ऑपरेशनच्या टेबलाशेजारी हिरव्या कापडावर त्यानं रक्तात भिजलेल्या गॉजच्या घड्या पाच-पाचच्या रांगांत मांडल्या होत्या. शेवटच्या रांगेत चारच होत्या.

"एकोणीस," तो म्हणाला.

डॉ. सौम्यानं मान वर केली नाही. मुधोळ जातीच्या शिकारी कुत्रीच्या आतड्यातून निघालेली आंब्याची कोय बाजूच्या ताटलीत पडली होती. आतडं शिवून झालं होतं, गळती नव्हती. पोटाच्या स्नायूंचा थरही तिनं नुकताच बंद केला होता. आता फक्त कातडी शिवायची राहिली होती.

"वीस असतील, आप्पा. परत बघा."

"दोनदा बघितलो, मॅडम. बादली बघितलो. टेबलाखाली बघितलो. तुमच्या चपलाखाली बी बघितलो."

भूल देणारा डॉ. वृषभ मॉनिटरपाशी बसला होता. तो हसला. "तुमच्या लाभातच एक गेली असंल, आप्पा. माणसासारखं एकपासनं मोजा की."

रवळूच्या गावाकडं, येळ्ळूरला, खळ्यावर भात मापताना पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात. रवळू सगळंच तसं मोजायचा. सलाईनच्या बाटल्या, मांजराची पिल्लं, टाके. सौम्यालाही हसू आलं.

रवळू हसला नाही. "लाभ म्हंजे एकच, सर. पोट उघडायच्या आदी बी लाभपासनंच मोजलोय. तवा वीस व्हत्या."

सौम्याचे हात थांबले.

वृषभनं मॉनिटरकडे पाहिलं. आता त्याचा आवाज बदलला होता. "तापमान पस्तीसवर आलंय. नाडी उतरायला लागली आहे. परत उघडायचं तर अजून अर्धा तास भूल. टिकेल असं वाटत नाही मला."

आतड्याच्या पडद्यातून रक्त झिरपत होतं, तेव्हा सौम्यानं एक घडी खोल दाबून धरली होती. ती काढल्याचं तिला आठवत होतं. कोणत्या हातानं काढली, काढून कुठं टाकली, ते मात्र आठवत नव्हतं.

"आप्पा, तुमची मोजणी चुकली असेल, तर ही या टेबलावर उगाच मरेल."

"मग भायेर मालकाला माझं नाव सांगा," रवळू म्हणाला. "पण एक आत हाय."

तिनं हातातली सुई ताटलीत ठेवली.

"कात्री द्या."

स्वतः घातलेले टाके तिनं एकेक करून कापले. रक्तात भिजलेलं गॉज आणि आतड्यावरचा चरबीचा पडदा दिसायला सारखेच. डोळ्यांना काही सापडेना. तिनं डोळे मिटले आणि बोटं आत सरकवली. जठर. प्लीहा. डावं मूत्रपिंड, गुळगुळीत. त्याच्या मागं बोटांना कापडाची वीण लागली.

चिमट्यातून घडी वर आली. रवळूनं ती शेवटच्या रांगेतल्या मोकळ्या जागी ठेवली, हातानं सरळ केली.

"वीस."

मग सौम्यानं पुन्हा शिवायला घेतलं. वृषभ दर मिनिटाला नाडी मोठ्यानं सांगत राहिला. आकडा घसरला, अडला आणि शेवटच्या टाक्याच्या सुमारास हळूहळू वर चढू लागला.

कुत्रीचा मालक बाबगोंडा निपाणीच्या पलीकडून आला होता. बाहेर बाक रिकामा होता, तरी तो दोन तास उभाच होता. सौम्या बाहेर आली, तिच्या मागून रवळू आणि वृषभ.

"लई येळ लागला, मॅडम. जगली न्हवं?"

"जगली, अण्णा. डोळे उघडतेय." ती थांबली. वृषभ मागून मुद्दाम खोकला. तिनं लक्ष दिलं नाही. "वेळ माझ्यामुळं लागला. गॉजची एक घडी मी आत विसरले होते. टाके घातल्यावर या आप्पांनी सांगितलं. परत पोट उघडून काढली. तिच्या जिवाला धोका झाला तो माझ्या चुकीमुळं."

बाबगोंडानं तिच्याकडे एकदा रागानं पाहिलं. मग तो रवळूकडे वळला आणि त्याच्यापुढं हात जोडले.

"तुमी मोजलासा म्हणून, आप्पा..."

रवळूनं त्याचे जोडलेले हात धरून खाली घेतले. त्याची मान ताठ झाली होती.

"मोजायला काय, अण्णा, मी सव्वीस वर्सं मोजतोय," तो म्हणाला. "चौदा डॉक्टर बघितलो आतल्या टेबलापाशी. माझं ऐकून शिवल्यालं उसवणारी ही पोरगी पयलीच."