चाची आजारी आहे

"चाचा, ह्यात शिक्का नाही," काउंटरवरची पॉपी म्हणाली. निळा पासपोर्ट तिनं दुसऱ्यांदा चाळला होता.

वारिसमियांनी ऐकू न आल्यासारखं केलं. तसं त्यांना कमीच ऐकू येई, आणि मँचेस्टरच्या विमानतळावर सिल्हेटच्या विमानाची रांग म्हणजे गावचा बाजारच.

"कसला शिक्का?" पोचवायला आलेल्या लेकीनं, रुहेनानं विचारलं.

"व्हिसा नको म्हणून देतात तो. इंग्लंडच्या पासपोर्टावर जायचं तर व्हिसा हवा, नाहीतर तो शिक्का."

"जुन्या पासपोर्टात होता. घर बदलताना तो कुठं गेला अल्लालाच ठाऊक."

"मग बांगलादेशचा असेल ना, चाचा? तोही चालतो."

तो होता. हिरवा, कोटाच्या आतल्या खिशात सकाळपासून छातीला टोचत होता. सहा वर्षांपूर्वी गावी भावांमध्ये जमिनीची वाटणी निघाली, तेव्हा वारसात नाव लागावं म्हणून एका दलालाला धरून काढलेला. फोटो तर आपलाच आहे, पोरगी फोटोच बघेल, अशा वेड्या आशेवर त्यांनी तो काढून पुढं ठेवला.

पोरीनं सगळंच वाचलं. "आकद्दस अली. वडील सुरब अली. आई काचारुन नेसा." तिनं फोटो बघितला, समोरचा चेहरा बघितला. "चाचा, तिकीट तर वारिस उल्लाचं आहे."



पॉपी सिल्हेटचीच. असल्या गोष्टी तिला नव्या नव्हत्या. एके काळी तिकडून निम्मी पोरं दुसऱ्याची पोरं होऊनच इकडं आली होती. तिनं आवाज खाली आणला. "हा तुमचाच असेल तर तसं सांगा. दोन्ही नावांचा शेरा मारून मी तुम्हाला विमानात बसवते. पण दोन्हीच्या झेरॉक्स वर पाठवाव्या लागतात. पुढं काय होईल ते माझ्या हातात नाही."

पुढं काय होईल ह्याची धास्ती त्यांनी पंचावन्न वर्षं उशाशी घेतली होती. अकराव्या वर्षी चाचानं आपला मुलगा म्हणून, वारिस उल्ला ह्या नावानं, त्यांना इंग्लंडला आणलं. निळा पासपोर्ट त्या एका खोट्यावर उभा. रुहेनाचा त्याच्यावर, तिच्या तीन पोरांचे तिच्यावर. खालची वीट हलवली तर वरचं काय काय कोसळेल, हे त्यांनी भीतीपोटी कुणा वकिलालाही कधी विचारलं नव्हतं.

"चुलतभावाचा आहे," ते म्हणाले. "घाईत माझ्याकडं आला. आम्ही दिसायला सारखे."

"अब्बा, तुम्ही पण ना!" रुहेना म्हणाली.

पॉपीनं हिरवा पासपोर्ट मिटला नाही. "घरी कुणी आजारी आहे का? आईबाप शेवटच्या घटका मोजत असतील तर तिथं उतरल्यावर व्हिसा देतात कधी कधी. साहेबांना विचारून बघू का?"

त्यांनी तोंड उघडलं. पण रुहेना खरं बोलणारी पोरगी. त्यांनीच तिला तसं वाढवलं होतं.

"नाही हो, ह्यांची आई अकरा वर्षांपूर्वीच गेली, इथं ओल्डहॅमला. माझी दादी. आजारी आहे ती ह्यांची गावाकडची चाची. पण जीव आहे अब्बांचा तिच्यावर."

जिला रुहेना दादी म्हणायची ती चाचाची बायको. त्या दफनाला आई गेल्यासारखं रडावं लागलं होतं, आणि वारिसमिया रडलेही होते. माणूस चांगला असला की खोटंही मनापासून करतो.

पॉपीनं हिरव्या पासपोर्टातलं आईचं नाव पुन्हा वाचलं. मग ती त्यांच्याकडं बघत राहिली. काउंटर बंद व्हायला वीस मिनिटं होती. तिनं घाई केली नाही.

"हो," वारिसमिया बुटांकडं बघत म्हणाले. "चाची आजारी आहे."

"चाचीसाठी नाही देत, चाचा." तिनं दोन्ही पासपोर्ट एकावर एक ठेवून परत केले.

इतकी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती. बॅग ओढून बाजूला व्हायचंही त्यांना सुचेना. तेवढ्यात रुहेनाचा फोन वाजला. गावाहून गुलझार, त्यांचा सख्खा भाऊ. रुहेनाच्या लेखी चुलत. अब्बांना ऐकू यावं म्हणून तिनं आवाज मोठा करून फोन त्यांच्या तोंडापुढं धरला.

"भाईसाब, बसलात का विमानात? ती डोळे मिटत नाही हो. सारखी दाराकडं बघते. आवाज तरी ऐकवा. तिच्या कानाशी धरतो."

फोनमधून श्वास ऐकू येऊ लागला. थांबत, घरघरत.

मायलेकांचं जुनं ठरलेलं होतं. एकटे असले की माई. जवळ कुणीही असलं, अगदी लेकरू असलं तरी, चाची. पंचावन्न वर्षांत त्यांची जीभ एकदाही घसरली नव्हती. आज घसरू दे, त्यांना वाटलं. एकदाच. दोनच अक्षरं तर आहेत.

रुहेना फोन धरून उभी होती. पॉपी ऐकत होती. मागं रांग होती.

"चाची," ते म्हणाले.

श्वास थांबला. मग अगदी बारीक आवाज आला.

"जवळ कुणी आहे का रे, बाळा?"

"हो, चाची."

"मग राहू दे," ती म्हणाली.