बिनदुधाचा चहा

मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं त्या सालाच्या शेवटी माणिकराव पालमजवळच्या एका गावात, भीमनगरात, मतं मागायला आले. "आता जातपात संपली, आपण सगळे एक," असं हात जोडून भाषण ठोकलं. बायनाबाईनं लगेच चुलीवर आधण ठेवलं आणि गल्लीदेखत सांगून टाकलं, "ज्याला आमचा चहा चालंल, त्यालाच आमची मतं."

"घेतला असता, पण मला दूध पचत न्हाई," माणिकराव म्हणाले.

"मग कोराच करते की."

"आज चतुर्थी हाय, बाई. उपाशीपोटी कोरा चहा लय बाधतो."

बायनाबाईनं आजारी नातवाच्या पेजेसाठी आणलेला साबुदाणा चहातच शिजवला. दाणे फुगून मण्यांसारखे चकाकायला लागले, तसा तिनं कप भरून पुढं केला.

"घ्या मालक. दूध न्हाई, उपासाला चालतंय, अन् पोटाला आधार बी हाय."

गल्ली खुदखुदली.

 

आता नको म्हणायला माणिकरावांकडं फक्त खरं कारण उरलं होतं.