पान अकरा

खोट्या नावाने अतिरेक्यांच्या ग्रुपमध्ये शिरायचं आणि भरती करणाऱ्याला बोलतं ठेवायचं, हे माझं सायबर विभागातलं काम. चार महिने मी एकाशी वसतिगृहात एकटी पडलेली मुलगी बनून बोलत होते. तो रोज दुपारी विचारायचा, "जेवलीस का?" एकदा पाठ दुखतेय म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी आठवणीने चौकशी केली. मला त्याचं नवल नव्हतं. त्यांचं प्रशिक्षणाचं पुस्तक आम्ही जप्त केलं होतं आणि पान अकरा मला तोंडपाठ होतं: जेवणाचं विचारा, दुखणंखुपणं लक्षात ठेवा, वाढदिवस कधीही विसरू नका.

आज सकाळी त्याचा मेसेज आला, "वाढदिवसाच्या शुभेच्छा. आज तरी वेळेवर जेव." खोटं खातं उघडताना मी कंटाळून जन्मतारीख खरीच टाकली होती, फक्त साल बदललं होतं.

दुपारी तो पकडला गेला. साहेब म्हणाले, "सुटलो एकदाचे. ते खातं बंद करून टाका, बाई." मी केलं.

संध्याकाळी घरी येऊन, पाठीला हात लावत चपला काढल्या. नवऱ्याने टीव्हीवरची नजर न हलवता विचारलं, "आज उशीर? भाजी काय करतेयस?" लेक आतून ओरडली, "आई, माझा चार्जर कुठे ठेवलास?"



आमच्या घरात पान अकरा कोणी वाचलेलं नाही.