सुटत आलेली गाठ

“अगं, सोड त्या गाठी! छताला चुना मारल्यावर सावलीला तुझी जाळी कशाला हवी?” पॉलिहाउसच्या छपरावरून नवरा खेकसला.

“अहो, चुना खाली उभं राहून पंपानं मारतात. त्या प्लॅस्टिकवर काय नाचताय?” असं पुटपुटत मंदाकिनी आत शिडीवर चढली. जरबेराच्या फुलांना ऊन लागू नये म्हणून तिनं एकटीनं खपून छताखाली हिरवी जाळी ताणून बांधली होती.

तिनं पहिल्याच गाठीला हात घातला, तोच डोक्यावर टर्रकन आवाज झाला. बादलीसकट नवरा खाली आला आणि जाळीची झोळी झाली.

चुन्यानं पांढराफटक झालेला तो झोळीत लोंबकळत राहिला. मंदाकिनीनं बोटांकडे पाहिलं. गाठ अर्धी सुटली होती. तिनं ती दोन्ही मुठींत गच्च धरली, अन् तेव्हा कुठं तिची किंकाळी फुटली.